मूठभर आवाज

आत्मकथन म्हाताऱ्यानं लिहावं म्हणतात. माझं वय अजून तिशीच्या आतच आहे, दात सगळे जागेवर आहेत, त मग मी काऊन लिहून राह्यलो? त्याचं असं आहे, की माझ्यातला एक जण नववीतच निघून गेला. त्याच्याबद्दल लिहाले माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नाई. गावात दोस्त म्हणतात, "आधी काई करून त दाखव बे, मग लिहिजो." त्यांचं बी बरोबर आहे. पण करून दाखवण्यासारखं जे होतं ते मी चौदाव्या वर्षी करून बसलो, अन् ते परत करता येत नाई.

आमचं घर पवनारले, धाम नदीकडे उतार लागते त्याच्या जरा आधी. घर म्हणजे पुढं पिठाची चक्की अन् मागं आम्ही. चक्की चालू असली की घरात कोणी बोलत नसे, सगळे ओरडत. अन् लाइन गेली, चक्की थांबली, की दोन मिनिटं त ओरडणं तसंच चालू राहाचं. शांत घरात आई एकदम कोकलाची, "भाकर खाऊन घे रेऽऽ," अन् मी तिच्यासमोर दोन हातांवर बसलेलो असाचो. सगळ्यांच्या भुवयांवर पीठ, जिभेवर पीठ, अंबाडीच्या भाजीत बी पीठच. त्या घरात माझा कान तयार झाला. गव्हाचा आवाज गोल, ज्वारीचा मोकळा, चण्याच्या डाळीचा घसा बसल्यासारखा. अन् दाणे संपून दगडावर दगड रिकामा फिरला की एक बारीक किंकाळी निघाची. तो आवाज मी तोंडानं इतका बरोबर काढो, की बाबा जेवता जेवता ताटावरून उठून पळत जात. दोनदा फसले. तिसऱ्यांदा काय झालं ते माझ्या पाठीले इचारा.

मले सगळ्यांचे आवाज येत होते. एसटीचा कंडक्टर, वर्धा स्टेशनवर गाड्या सांगणारी ती भोंग्यातली बाई, आमचे हेडमास्तर खाकरतात ते खाकरणं, शेजारच्या काकूचं कुकर अन् त्याच्यावर काकूचं ओरडणं, दोन्ही एकाच वेळी. शाळेत माझं नावच पडलं होतं टेप. खरं नाव हजेरीपुरतं.

घरात माझी आत्या होती, बाबांची मोठी बहीण. चक्कीवर तिचं राज्य. तिचा एक नेम होता. कोणाचं बी दळण असो, मूठभर पीठ चक्कीत अडकून राह्यतेच. मागून दुसऱ्याचं दळण टाकलं, की पह्यल्याचं पीठ त्याच्या डब्यात जाते, अन् त्याचं मूठभर मागं राह्यते. आत्या दर शनिवारी चक्की खोलून, ब्रशनं झाडून ते सगळं पीठ काढाची, त्याच्या जाड्या भाकरी कराची अन् नदीवरच्या कुत्र्यांले घालून याची. "ते आपलं नाई," म्हणे. "ज्याचं त्याले देता येत असन त द्यावं. नाई त मुक्या जीवाले द्यावं. ठेवून घेऊ नाई." अन् माझी नक्कल चालू असली की मले बी तेच लावाची. "ज्याची नक्कल करशीन ना, त्याचं मूठभर तुह्यात राह्यते. लंगड्याची केली त चाल राह्यते, बोबड्याची केली त जीभ राह्यते. तू कव्हा झाडून काढशीन रे?" मी लगेच तिच्याच आवाजात, तोंडात नसलेलं पान चघळत म्हणो, "तू कव्हा झाडून काढशीन रे?" आई हसू दाबाची. आत्या हसत नसे.

शाळा वर्ध्याले होती. सकाळच्या बसनं जाचो. शाळेत बाकी सगळ्या मॅडम होत्या, बोंदरे बाई एकट्या बाई. त्या गाणं शिकवत. म्हणजे काय, शाळेची प्रार्थना बसवत. प्रार्थना त्यांचीच होती, शब्द बी त्यांचे अन् चाल बी त्यांची. "उन्हाच्या दारी उभे आम्ही" अशी सुरुवात. डायरीच्या पह्यल्या पानावर तिची तीन कडवी छापली होती, पण म्हणाचो आम्ही दोनच. तिसऱ्याची चाल बाईंनी कोणाले शिकवली नव्हती. "ती वेगळी आहे," म्हणत. "पन्नासाव्या सोहळ्याला शिकवीन." शाळेले पन्नास वर्षं होणार होती त्या वर्षी. पेटी त्यांले येत नव्हती. पेटीवाले सर कव्हाचे रिटायर झालते अन् पेटीत उंदरांचा संसार होता. बाई फक्त गळ्यानं अन् टाळीनं शिकवत. कागदावर सा-रे-ग लिहिणं त्यांले जमत बी नव्हतं, पटत बी नव्हतं. अन् त्यांची एक खूण होती. तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मधातच, त्या एक श्वास घेत. दम लागल्यासारखा, छोटा. चालीत तो नव्हता, बाईंमध्ये होता. पण इतकी वर्षं पोरं त्यांच्याकडून ऐकूनच शिकली, म्हणून पूर्ण शाळा त्या जागी श्वास घेई. सकाळी मैदानात उभं राह्यलं की चारशे पोरं मधातच एकदम थांबत, हवा आत ओढत, अन् पुढं जात. नवीन माणूस दचके. त्या अर्ध्या क्षणात मैदानावर काईच नसे. कावळा बी नाई. असं वाटाचं की आमच्यासोबत अजून कोणी तरी श्वास घेऊन राह्यलं.

त्या वर्षी बाईंचा आवाज बसला. दिवाळीपासून बसलेलाच होता. त्या आल्याचा रस पीत, गळ्याले मफलर गुंडाळत, अन् म्हणत, "हवा बदलली आहे." आम्हाले काय, आम्हाले नवीन माल भेटला. एका दिवशी त्या वर्गात यायच्या आधी मी टेबलावर चढलो, वर्गातल्या मीनलची ओढणी गळ्याले गुंडाळली, अन् बाईंच्या त्या फाटक्या आवाजात प्रार्थना चालू केली. फाटका आवाज काढणं सोपं नसते. त्याच्यात खाली एक चांगला आवाज लागते अन् वर खरखर लागते, चण्याच्या डाळीसारखी. मले ते दोन्ही साधलं. वर्ग लोळत होता. मग वर्ग चूप झाला. बाई दारात उभ्या होत्या.

मी ओढणी सोडाले लागलो. बाई म्हणाल्या, "थांब. परत कर."

"बाई, चुकलं..."

"परत कर म्हटलं ना."

मी केलं. आवाज बरोबर आला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. एक कडवं झालं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नाई पाह्यलं, पर्स उचलली अन् निघून गेल्या. तास अर्धा पडून होता. त्या दिवसानंतर त्या शाळेत आल्याच नाई.

पंधरा-वीस दिवसांनी कळलं. सेवाग्रामले ऑपरेशन झालं, गळ्याचं. आवाजाची पेटीच काढून टाकली. आता बाई कधीच बोलणार नाई. शिपाई काका हे सांगत असताना पोरांनी हळूहळू माना वळवल्या अन् माझ्याकडे पाह्यलं. कोणी काई बोललं नाई. बोलले असते त बरं झालं असतं, मी त्यांच्या नकला केल्या असत्या.

घरी आत्याले सांगितलं. ती सूप घेऊन बसली होती. हात थांबले तिचे. "सगळाच घेतला का रे?" एवढंच म्हणाली.

आज मी शहाणा आहो, मोबाइलवर गळ्याच्या आजारांची माहिती काढून वाचू शकतो. नववीतल्या पोरापाशी फक्त आत्या होती. अन् तेव्हापासून घरात जे सुरू झालं, त्याचा मोबाइलवर अजून बी जवाब नाई. मी न्हाणीघरातून आईले टॉवेल मागितला, त आई बाहेरून म्हणाली, "कोण बाई आली रे?" हजेरीले "येस सर" म्हटलं, त पुढच्या बाकावरच्या दोन पोरी मागं वळल्या. मी नक्कल करत नव्हतो. मी टॉवेल मागत होतो. एकदा चक्कीवर बसलेलो असताना एका गिऱ्हाइकाले म्हटलं, "काका, डबा इकडं ठेवा," अन् त्या वाक्याच्या मधातच, शब्द तोडून, माझ्या छातीनं एक श्वास घेतला. छोटा. दम लागल्यासारखा. काकानं डबा ठेवला अन् चूपचाप चार पावलं दूर जाऊन उभा राह्यला.

मी बोलणं कमी केलं. टेप बंद पडली म्हणून पोरं चिडवत.

मग ढोले सर आले. ढोले सर कॉम्प्युटर शिकवत अन् लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. बाईंच्या जागी नवीन माणूस मिळेपर्यंत गाण्याचा तास बी त्यांच्याच गळ्यात पडला. त्यांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकलं. माइकसमोर गायलं की ते ऐकणार अन् पडद्यावर पाच रेघांवर सुरांचे काळे ठिपके लिहून टाकणार, खाली आम्हाले समजावं म्हणून सा-रे-ग बी. मग बटण दाबलं की तेच परत वाजवून दाखवणार, बासरीत पाहिजे त बासरीत, नाई त "आऽऽ" अशा माणसाच्या आवाजात. तो माणसाचा आवाज म्हणजे काय सांगू. त्याले तोंड नव्हतं. शब्द नाई, थुंकी नाई, श्वास नाई, नुसतं आऽऽ.

रेघा उभ्या दांड्यांनी खणाखणांत तोडलेल्या असत. सर त्या खणांले डबे म्हणत. "हा गाण्याचा एक डबा. एका डब्यात चार मात्रा, चार प्रवासी. कमी बसले तर सॉफ्टवेअर रिकाम्या सीटची खूण टाकतं." जंक्शनच्या गावात हे सगळ्यांले लगेच समजलं. पूर्ण डबा रिकामा असला त रेघेले खालून एक छोटा काळा तुकडा लटके, झाडाले वटवाघूळ लटकते तसा.

पह्यल्या तासाले सरांनी माझ्याकडे माइक दिला. "टेप, होऊन जाऊ दे." मले राहावलं नाई. चक्की काढली. पडद्यावर एकाच रेघेवर ठिपक्यांची रांग धावत सुटली. कुकरची शिटी काढली, त ठिपका रेघांच्या बाहेर, छताले. हेडमास्तरांचं खाकरणं त्यानं खालच्या "प"वर लिहिलं अन् सर खुर्चीवरून पडता पडता वाचले. लय दिवसांनी मी हसलो. लय दिवसांनी मले वाटलं की मी मीच आहो.

दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "आता कामाचं बोलू. बाईंची प्रार्थना लिहून ठेवायची आहे. सोहळा तोंडावर आला." रेकॉर्डिंग कोणापाशीच नव्हतं. मोबाइल शाळेत बंदी, अन् जुन्या व्हिडिओत चारशे पोरांचा गोंगाट. वर्गातल्या पोरापोरींनी एकेक करून गाऊन पाह्यलं, प्रत्येकाची चाल वेगळी. कॉम्प्युटरनं प्रत्येकाचं वेगळं लिहिलं. शेवटी मीनल, जिची ओढणी मी त्या दिवशी घेतली होती, उभी राह्यली. "सर, याले येते. याले बाईंचा आवाजच येते."

"मी नाई म्हणणार," मी म्हटलं.

"काऊन बे?" सर म्हणाले. "एवढी कला आहे..."

"सर, नको ना."

पण सगळे पाहून राह्यले होते. अन् खरं सांगू का, कला असलेल्या माणसाले नको म्हणता येत नाई, हे त्याचं दुखणंच आहे. सरांनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, आवाज नको म्हणून बाकीचे कॉम्प्युटर बी बंद केले. दुपारचे बारा, तरी खोलीत पडद्याचा तेवढा निळा उजेड. मी डोळे मिटले अन् गायलो. यावेळी फाटका आवाज नाई, बाईंचा जुना आवाज, आजारीपणाच्या आधीचा. तो मी कधीच काढला नव्हता. तो आपोआप आला. आतमधी तयारच होता. दोन कडवी झाली, मी थांबलो, माइक खाली केला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाई. मी डोळे उघडले त सगळे पडद्याकडे पाहून राह्यले होते. ठिपके उमटून राह्यले होते.

मी तोंडावर हात ठेवला. तरी उमटत होते. सावकाश, एकामागं एक, कोणी जपून पायऱ्या उतरावं तसे. एक डबा भरला. दुसरा. तिसऱ्या डब्यात दोन ठिपके आले, मग एक जागा रिकामी राह्यली, मग चौथ्या जागी ठिपका. मग चौथा डबा. मग बंद. पुढं वटवाघळं लटकली.

"काहीतरी पकडलं त्यानं," सर म्हणाले. "पंख्याचा आवाज असेल."

"सर," मागून कोणी तरी म्हणालं, "पंखे त आपण बंद केलते."

सरांनी ते चार डबे वाजवले. त्या बिनतोंडाच्या आवाजात. आऽऽ, आऽ, आऽऽ. चाल होती ती. आम्ही कोणी कधीच ऐकली नव्हती. खाली जाऊन परत वर येणारी. तिसऱ्या डब्यात ती मधातच थांबली, एवढीशी, अन् पुढं गेली. मीनलनं डायरीचं पह्यलं पान काढलं होतं. तिसऱ्या कडव्यावर बोट ठेवून ती ओठांतल्या ओठांत शब्द बसवून पाहत होती. तिचं बोट पह्यल्या ओळीच्या शेवटावर आलं अन् वाजणं थांबलं. बरोबर. एक अक्षर कमी नाई, एक जास्त नाई. तिनं डायरी मिटली अन् माझ्यापासून जरा सरकून बसली.

सरांनी ते चार डबे निवडले अन् पुसून टाकले. वरच्या दोन कडव्यांत तिसऱ्या ओळीले रिकामी जागा होती, बाईंच्या श्वासाची, ती बी गाण्यातली चूक समजून भरून टाकली. "आता स्वच्छ झालं," म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी माइकची वायरच काढून खिशात टाकली.

त्याच आठवड्यात माझा घसा खाजवाले लागला. बोलता बोलता आवाज घसरे, खाली जाऊन परत वर येई. आई म्हणाली, "आवाज फुटून राह्यला याचा. मिशी येईन आता," अन् सांबारवडीचा जास्तीचा तुकडा वाढला. घरात सगळे खूश. मी मात्र ताटावर बसून थंड पडलो. कारण माझा आवाज फुटला, की त्याच्यात जे होतं ते बी फुटणार. बाईंचा आवाज जगात फक्त एका जागी शिल्लक होता, अन् ती जागा पडाले आली होती. आत्यानं वर पाह्यलं. तिले सगळं समजलं होतं. "जे देता येते ते ज्याचं त्याले द्यावं," ती म्हणाली. "मुक्या जीवाची वेळ येऊ देऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी ढोले सरांले सगळं सांगितलं. टेबलावर चढलो होतो ते, बाई दारात होत्या ते, टॉवेल, चक्कीवरचे काका, सगळं. वाटलं, हसतील. ते हसले नाई. म्हणाले, "रविवारी जाऊ. तसंही त्यांना ऐकवून विचारायचंच आहे, की बरोबर उतरलं का."

बाईंचं घर रेल्वे फाटकाच्या पलीकडे. एकट्या राहत. दुपारचं ऊन होतं, अंगणात वड्या वाळत घातल्या होत्या. बाईंनी दार उघडलं. बारीक झाल्या होत्या. गळ्यावर पांढऱ्या जाळीदार कपड्याचा एक तुकडा बांधला होता, अन् त्या श्वास घेत तेव्हा तो तुकडा आत जाई, बाहेर येई, अन् एक बारीक शिटी वाजे. नाकातोंडाचा अन् श्वासाचा आता काई संबंध राह्यला नव्हता. त्या हसल्या. आम्हाले बसवलं, पातोडीची रस्सेदार भाजी अन् भात वाढला. हातात त्यांच्या पोरांची असते तशी पाटी होती, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

सरांनी लॅपटॉप उघडला, माइक लावला. मी ताट बाजूले सरकवलं अन् उभा राह्यलो. रस्त्यानं पाठ केलेलं एक वाक्य होतं. "बाई, तुमचा आवाज माझ्यापाशी राह्यला. मी परत द्यायले आलो. मी जाणून नाई घेतला, बाई, गंमत करून राह्यलो होतो." एवढं म्हणेपर्यंत नाक वाहाले लागलं.

बाई पाटीवर लिहाले लागल्या. लय वेळ लिहिलं. पाटी माझ्याकडे केली.

"त्या दिवशी तू काढलास तो आवाज मी माझ्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मला वाटायचं थोडा बसलाय. तुझ्याकडून ऐकला तेव्हा कळलं, हा आजार आहे. वर्गातून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात."

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सरांनी मोठ्यानं वाचलं, कारण मले अक्षरं दिसत नव्हती. बाईंनी पाटी पुसली अन् एकच शब्द लिहिला. "गा."

मी गायलो. बाईंसमोर, बाईंच्या आवाजात. घसा धोका देत होता, पण मी त्याले धरून ठेवलं. बाई माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसल्या अन् त्यांचे ओठ हलाले लागले. माझा आवाज अन् त्यांचे ओठ एका रेघेत. सर नंतर म्हणाले, की डोळ्यांनी पाहून बी त्यांले सांगता आलं नसतं कोण गाऊन राह्यलं. तिसऱ्या ओळीले मी श्वास घेतला अन् त्याच क्षणी बाईंच्या गळ्यावरचा कपडा आत गेला, शिटी वाजली. पह्यलं कडवं झालं. दुसऱ्याच्या शेवटच्या शब्दावर माझा आवाज फुटला. फुटला म्हणजे फाटला, कापडासारखा, अन् खाली कुठं तरी जाऊन पडला. मी तोंड उघडलं, काईच आलं नाई. मी खाली बसलो.

बाई थांबल्या नाई.

त्यांचे ओठ हलतच होते. तिसऱ्या कडव्याचे शब्द होते ते, मले ओठांवरून वाचता येत होते. आवाज काईच नाई. गळ्यावरचा कपडा तेवढा हले, अन् शिटी. बाहेर मालगाडी गेली, तिचे डबे धडधडत गेले, अन् मग ती बी शांतता. सरांनी माइक बंद करायले हात पुढं केला. हात अर्ध्यातच थांबला. मी पडद्याकडे पाह्यलं. ठिपके उमटून राह्यले होते. सावकाश, जपून. एक डबा. दुसरा. तिसऱ्यात दोन ठिपके, एक रिकामी जागा, अन् चौथ्या जागी ठिपका. सरांनी पुसलेलेच ते चार डबे होते, जसेच्या तसे. पण यावेळी तिथं संपले नाई. पाचवा आला, सहावा आला. पूर्ण कडवं होईपर्यंत आम्ही दोघं हललो नाई. सरांनी हात मागं घेतला अन् मांडीवर ठेवला.

आज कोणी इचारलं त मी सांगतो, बाईंच्या शिटीले माइकनं पकडलं असन. बरोबर बी असन. शाळेतल्या त्या दुपारचं मात्र कोणी इचारू नका. त्या दिवशी बाई फाटकापलीकडे आपल्या घरी होत्या.

सरांनी ते बासरीत वाजवलं. त्या माणसाच्या आवाजात वाजवायची हिंमत त्यांले बी झाली नाई. बाई मान तिरपी करून ऐकत होत्या. तिसऱ्या डब्यातल्या रिकाम्या जागेवर त्यांनी खुर्चीच्या दांडीवर बोटानं एक टिचकी मारली. संपल्यावर पाटीवर लिहिलं, "बरोबर आहे. वरच्या दोन कडव्यांत माझा श्वास कोणी बुजवला?" सर खाली पाहाले लागले. मग त्यांनी तिथंच बसून, एकेक करून, त्या रिकाम्या जागा परत करून दिल्या.

पन्नासाव्या सोहळ्याले पोरांनी तिन्ही कडवी म्हटली. मी ओठ हलवले फक्त. बाई पह्यल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी बी तेवढंच केलं. आता मी दुकानांच्या जाहिराती ऑटोवर वाजतात ना, त्याच्यात बोलतो. पन्नास आवाज काढतो. बाईंचा काढून पाह्यला, लय वेळा. तिथं काई नाई. झाडून काढलेली जागा आहे.

त्या रविवारी मी पवनारले उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. लाइन नव्हती, चक्की बंद होती, आत अंधार. आत्या आतमधी ब्रश घेऊन चक्की झाडून राह्यली होती, तो खरखर आवाज ऐकू येत होता. मी दारात उभं राहून सांगितलं, "आत्या, दिला परत."

ब्रश थांबला.

"कोण आहे?" आत्या आतून म्हणाली. "कोण आहे रे भाऊ तिकडे?"